सणाची सुई

गिरगावातल्या आमच्या चाळीत दिवाळीची चाहूल फटाक्यांच्या आधी कामट्यांच्या आवाजाने लागे. वसुबारसेच्या आठ-दहा दिवस आधी गॅलरीत बांबू तासायचा उद्योग सुरू होई. कुणाच्या घरी खळ शिजे, कुणी पतंगी कागदाचे ताव मोजून आणी, आणि कंदील षट्कोनी करायचा की चांदणीचा, यावर मोठ्या माणसांपेक्षा आम्हां पोरांचीच भांडणे अधिक होत. या सगळ्या गडबडीत आमची आत्या मात्र खिडकीशी बसून काजे करीत असे. जवळच्या एका कारखान्यातून सदऱ्यांचे गठ्ठे आमच्याकडे येत. काजे करायची, बटणे लावायची, घडी घालून परत पाठवायचे. पैसे डझनावर मिळत. दिवाळीच्या तोंडावर गठ्ठे दुप्पट होत, कारण दिवाळीत नवे कपडे साऱ्या मुंबईला लागत.

दिवाळी आटोपली, कंदील माळ्यावर गेले, की महिना-दीड महिन्यात शेजारच्या खोताच्या वाडीत पुन्हा कामट्या तासल्याचा आवाज येई. तिथे नाताळच्या चांदण्या तयार होत. कामटी तीच, कागद तोच, खळही तीच. त्या वाडीतल्या एक ख्रिस्ती बाई आत्याच्या मैत्रीण होत्या. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. आमच्याकडून दिवाळीला त्यांच्याकडे करंज्या जात आणि नाताळला त्यांच्याकडून आमच्याकडे ताट येई. त्या ताटात त्यांच्या हातच्या नेवऱ्या असत, म्हणजे पुन्हा करंज्याच! पण या दोघींची खरी देवाणघेवाण होती ती कापडाच्या तुकड्यांची. शिंप्याकडून आणलेले साटिनचे, मखमलीचे, छिटाचे तुकडे आत्या वर्षभर एका पिशवीत साठवी आणि डिसेंबर लागला की त्यांतले निवडक मावशींना देई. मावशी त्यांतून गव्हाणीतल्या बाळासाठी इवलीशी दुलई शिवीत, नातवंडांसाठी बाहुल्या करीत, दारावर लावायला लाल-हिरवे तोरण करीत.

दिवाळी अंकात नाताळच्या शिवणाची कथा कशाला, असे वाचकांना वाटेल. पण सणासाठी घरच्या हाताने काही शिवावे आणि आपल्या माणसाला द्यावे, या रीतीचा इतिहास शोधू लागलो तेव्हा मला तो नाताळच्याच बाजूने अधिक स्पष्ट सापडला. त्या इतिहासात शिरल्यावर जे दिसले त्याने मी पुन्हा आमच्या खिडकीशीच येऊन पोचलो. ती वाट आज सांगायची आहे.

‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला; त्यांच्या भाषेत ‘नाताल’ म्हणजे जन्मोत्सव. सण जुना आहे, पण आज आपण ज्याला नाताळचा थाट म्हणतो, ते सजवलेले झाड, भेटींची पुडकी, शुभेच्छापत्रे, तो थाट मात्र फार जुना नाही. तो बव्हंशी एकोणिसाव्या शतकातला आहे. जर्मनीत घरात झाड उभे करण्याची चाल पूर्वीपासून होती. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिचा पती आल्बर्ट हा जर्मन. १८४८ च्या नाताळात ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकाने राणी, आल्बर्ट आणि त्यांची मुले सजवलेल्या झाडाभोवती उभी असल्याचे चित्र छापले आणि मध्यमवर्गाला ते झाड हवेहवेसे वाटू लागले. दोन वर्षांनी, १८५० साली, अमेरिकेतल्या ‘गोडीज लेडीज बुक’ या बायकांच्या मासिकाने तेच चित्र पुन्हा छापले. मौज अशी की अमेरिकेला राजा-राणी चालत नसल्यामुळे चित्रातला राणीचा मुकुट आणि आल्बर्टच्या मिशा पुसून टाकल्या! राजघराणे गेले आणि कुणाही सुखवस्तू गृहस्थाचे कुटुंब उरले.

झाड आले तसे झाडावर टांगायला आणि झाडाखाली ठेवायला काहीतरी लागू लागले. हे काहीतरी बरेचसे घरीच होई. ‘गोडीज’सारखी मासिके नाताळच्या सुमारास त्याचे नमुने छापीत. पुरुषांना द्यायला लोकरीने भरलेल्या सपाता, सुया-टाचण्या खोचायच्या उश्या, पैशाचे बटवे, आणि टाक पुसायची फडकी. टाक-दौतीने लिहिलेल्या पिढीला हे शेवटचे नाव सांगावे लागणार नाही. चार-सहा रंगांचे गोल तुकडे एकावर एक ठेवून मधोमध टाका घातला, की टाकाचे टोक पुसायला फूल तयार. भरतकामासाठी बर्लिनहून चौकटीच्या कागदावर रंगीत छापलेले नमुने येत. एक घर म्हणजे एक टाका. घरे मोजीत जायचे, की चित्रकला न येणाऱ्या बाईच्याही हातून गुलाब उमटे. ऑक्टोबरपासून घरोघर ही लपवालपवी सुरू होई, कारण ज्याला द्यायचे त्याच्याच डोळ्यांदेखत ते शिवायचे असे.

या लपवालपवीचे चित्र पाहायचे असेल तर लुइझा मे अल्कॉटची ‘लिटल विमेन’ ही १८६८ ची कादंबरी पाहावी. शान्ता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मुळे ती मराठी घरांतही पोचलेली आहे. बाप युद्धावर गेलेला, घरात पैसा नाही, नाताळ भेटींवाचून जाणार. अशा वेळी चार बहिणी आपापला डॉलर आईसाठी खर्चायचा ठरवतात. त्यांतली अबोल बेथ आईला हातरुमाल देते आणि त्यांवर दोऱ्याने नावाच्या आद्याक्षरांऐवजी ‘आई’ हाच शब्द भरते. अक्षरे थोडी वेडीवाकडी आहेत. बहिणीला हसू येते, पण बेथकडे कारण तयार आहे: आईची आणि थोरल्या बहिणीची आद्याक्षरे एकच, आणि हे रुमाल आईखेरीज कुणी वापरू नयेत. शिवलेल्या भेटीचे सारे मर्म या एका रुमालात आहे. ती एकाच माणसासाठी असते, आणि तिच्यावर करणाऱ्याच्या हाताची चूकसुद्धा राहते.

इथवरचा इतिहास वाचताना मला बरे वाटत होते. दिवाणखाना, शेगडी, कुजबुज, रंगीत लोकर. पण मग मी १८४३ सालाशी येऊन थांबलो.

त्या एका डिसेंबरात लंडनमध्ये तीन गोष्टी झाल्या. हेन्री कोल नावाच्या गृहस्थाने हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे शुभेच्छापत्र काढवून घेतले. पहिले छापील नाताळपत्र ते हेच. मधल्या चित्रात कुटुंब आनंदाने पेले उंचावते आहे, आणि दोन्ही बाजूंना भुकेल्यांना अन्न आणि उघड्यांना वस्त्र देण्याची दोन लहान चित्रे आहेत. १९ डिसेंबरला डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ बाहेर पडली आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत तिच्या सहा हजार प्रती खपल्या. तिच्यातल्या गरीब कारकुनाची बायको सणाला जो झगा घालते तो दोनदा उलटवलेला आहे, म्हणजे उसवून आतली बाजू बाहेर करून पुन्हा शिवलेला, आणि वर स्वस्त फितींची शोभा. ज्यांच्या घरी वडिलांचा कोट उलटवून शिवला गेला असेल त्यांना हा झगा परका वाटणार नाही.

तिसरी गोष्ट ‘कॅरोल’च्या आधी तीन दिवस झाली. १६ डिसेंबरच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाच्या नाताळ अंकात एक कविता निनावी छापून आली. विषय सदरे शिवणारी बाई. कवी टॉमस हूड. कवितेमागे त्याच वर्षी कोर्टात गेलेले एक प्रकरण होते. लंडनच्या लँबेथ भागातली एक विधवा घरी कपडे शिवायचे काम आणी. कापडासाठी मालकाकडे अनामत ठेवावी लागे. पोरे उपाशी म्हणून तिने मालकाचेच कपडे गहाण टाकले आणि ती गुन्हेगार ठरली. हूडच्या कवितेतली बाई अंधाऱ्या खोलीत पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत टाके घालते आहे. हसवायला निघालेल्या अंकात ती आली आणि लोक हादरले. दीड वर्षाने हूड वारला. त्याच्या थडग्यावर त्याची ओळख म्हणून एवढेच कोरलेले आहे, की त्याने सदऱ्याचे गाणे गायिले.

मी ती दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली. एका घरात बाई हौसेने सपाता भरते आहे. दुसऱ्या घरात बाई पोटासाठी सदरा शिवते आहे. सुई तीच, टाका तोच, महिनाही तोच. पहिलीच्या घरातल्या पुरुषाचा सणाचा सदरा कदाचित दुसरीनेच शिवलेला. पहिलीच्या कामाला प्रेम म्हणतात आणि दुसरीच्या कामाला मजुरी. पण हाताला आणि डोळ्यांना हा भेद कळत असेल काय?

यंत्र आले म्हणजे हा प्रश्न सुटेल असे पुष्कळांना वाटले. एलियस हौ याने शिवणयंत्राचे पेटंट १८४६ साली घेतले, आयझॅक सिंगरने १८५१ साली. १८५६ पासून सिंगरच्या कंपनीने यंत्रे हप्त्याने द्यायला सुरुवात केली, आणि ज्या घरात एकरकमी पैसा कधी येणार नव्हता तिथेही यंत्र गेले. त्या काळच्या एका मोजणीप्रमाणे पुरुषाचा सदरा हाताने शिवायला चौदा तासांहून अधिक लागत. यंत्रावर तो सव्वा तासात होऊ लागला. आपल्याकडे यंत्रांविषयी इतके कठोर असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्राचा अपवाद केला होता. माणसाने शोधलेल्या मोजक्या उपयोगी वस्तूंत त्यांनी त्याची गणना केली. घरच्या बाईची पाठ आणि डोळे त्याने वाचवले हे खरेच आहे. पण जी मजुरीने शिवीत होती तिचे काय? सदरा लवकर होऊ लागला तसा दर सदऱ्यामागचा मोबदलाही उतरला. वर झगे साधे न राहता त्यांना चुण्या, झालरी, पट्ट्या वाढल्या. वाचलेले तास पुन्हा कापडातच गेले.

या दोन बायकांमधली वाट एका तिसरीने काढली. तिची गोष्ट मला फार आवडते. दक्षिण जर्मनीत गींगेन नावाचे लहान गाव आहे. तिथे १८४७ साली मार्गारेट श्टाइफ जन्मली. दीड वर्षाची असताना पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले, उजवा हात दुबळा झाला. तरी ती शिवण शिकली. शिवणयंत्राचे चाक उजव्या हाताने फिरवायचे असते आणि तेच तिला जमेना, तेव्हा तिने यंत्रच उलटे फिरवून ठेवले आणि डाव्या हाताने चाक चालवले. १८७७ साली तिने लोकर दाबून केलेल्या फेल्ट नावाच्या जाड कापडाच्या वस्तूंचे दुकान काढले. १८७९ च्या डिसेंबरात ‘मोडेनवेल्ट’ या मासिकात तिने लहानशा हत्तीचा नमुना पाहिला. नमुन्याबरहुकूम तिने फेल्टचे हत्ती शिवले, आत लोकर भरली आणि सुया-टाचण्या खोचायच्या उश्या म्हणून ते आपल्या माणसांना भेट दिले. बायकांनी ते शिवणाच्या पेटीत ठेवायचे, पण झाले भलतेच! हत्ती मुलांनी पळवले. तोवर बाहुल्यांची तोंडे चिनी मातीची, खेळणी लाकडाची नाहीतर पत्र्याची. कुशीत घेऊन झोपता येईल असे जनावर मुलांना हवेच होते. १८८६ पर्यंत असे पाच हजारांवर हत्ती विकले गेले.

पुढे तिच्या पुतण्याने, रिशार्टने, १९०२ साली हातपाय हलणारे अस्वल काढले. १९०३ च्या लायप्त्सिग येथील जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने एकदम तीन हजार अस्वले मागवली. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायचे नाकारल्याची गोष्ट तेव्हा ताजी होती. त्यांच्या ‘टेडी’ या लाडक्या नावाने खेळण्यातले अस्वल जगभर गेले. १९०७ साली मार्गारेटच्या कारखान्यातून नऊ लाख चौऱ्याहत्तर हजार अस्वले बाहेर पडली. १९०९ साली ती वारली.

गोष्ट इथे संपवली असती तर ती दिवाळी अंकाला शोभली असती. पण त्या १९०७ सालच्या हिशेबात आणखी एक आकडा आहे. कारखान्यात चारशे माणसे होती, आणि गावोगाव आपापल्या घरी बसून शिवणारी सुमारे अठराशे. म्हणजे एका बाईने प्रेमाने शिवलेल्या हत्तीतून अठराशे घरांत गठ्ठे जाऊ लागले. त्यांतल्या किती घरांना त्याने भाकर दिली आणि किती डोळे त्यात गेले, हे दोन्ही हिशेब एकाच वहीत मांडायला हवेत. अमेरिकेतही चित्र वेगळे नव्हते. लुइस हाइन हा छायाचित्रकार १९०८ पासून बालमजुरीविरुद्ध झटणाऱ्या समितीसाठी चित्रे काढीत हिंडत होता. न्यू यॉर्कच्या चाळीवजा इमारतींत त्याने टिपलेली काही कुटुंबे बाहुल्यांचे कपडे शिवीत आहेत. आई, आजी आणि लहान मुलेही. बाहुलीशी खेळायच्या वयाच्या मुली दुसऱ्या मुलींच्या बाहुल्यांचे झगे शिवीत बसल्या आहेत. त्या चित्रांत कुणी रडत नाही. सगळ्यांच्या माना फक्त खाली आहेत.

आणि तरीही हौसेचे शिवण संपले नाही. दुसऱ्या महायुद्धात तर त्याला पुन्हा दिवस आले. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर नियंत्रण आले, प्रत्येकाला कूपने मोजून मिळू लागली. १९४३ साली सरकारनेच जुन्यातून नवे कसे करावे याची पुस्तिका काढली. दुकानांत खेळणी मिळेनात, तेव्हा आयांनी जुन्या मोज्यांत चिंध्या भरून बाहुल्या केल्या, बापाच्या फाटक्या विजारीची अस्वले झाली. विमानहल्ल्याच्या भीतीने खिडक्यांना लावायचे काळे कापड तेवढे कूपनावाचून मिळे. बायकांनी त्यातूनही शिवण काढले आणि वर रंगीत दोऱ्याने फुले भरली. हे नियंत्रण १९४९ पर्यंत चालले. त्या पिढीतली माणसे पुढे कितीतरी श्रीमंत झाली, पण ती काळ्या कापडाची वस्तू त्यांच्याच्याने टाकवली नाही.

ती त्यांनी ठेवली. मी मात्र ठेवली नव्हती, आणि म्हणून हा लेख.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना एका दिवाळीला आत्याने मला सदरा शिवला. निळ्या बारीक रेघांचा. माझ्या मित्राला त्या वर्षी दुकानातला सदरा आणला होता. कॉलरमध्ये पुठ्ठा, अंगावर कागदाची चिठ्ठी, टाचण्यांनी ताठ बसवलेली घडी. मी आत्याचा सदरा हातात घेतला आणि म्हणालो, “हा तर घरचाच आहे.”

आत्या क्षणभर थांबली. मग म्हणाली, “बरं बाबा, पुढल्या वर्षी दुकानातला आणू.” आणि पुन्हा काज करायला वाकली.

मी तो पाडव्याला एकदाच अंगात घातला. पुढच्या वर्षी कबूल केल्याप्रमाणे दुकानातला सदरा आला. त्यावरची काजे कुणी केली होती कुणास ठाऊक! आमच्याच खिडकीत झालेली असणे अगदीच अशक्य नव्हते. पुढे काही वर्षांत आत्याला सुईत दोरा ओवता येईना, म्हणून ती आम्हां मुलांना हाक मारी. मग कारखान्यातून गठ्ठे यायचे बंद झाले. मावशींना द्यायची तुकड्यांची पिशवी मात्र ती शेवटपर्यंत भरीत राहिली. रंग नीट दिसत नसत, तर बोटांनी चाचपून मखमल कुठली आणि साटिन कुठले ते सांगे.

आत्या गेल्यावर तिच्या ट्रंकेत तो निळा सदरा निघाला. तिने तो धुऊन, घडी घालून ठेवला होता. आता मी जाणता झालो होतो. खिडकीशी नेऊन त्याची काजे नीट पाहिली. कारखान्याची काजे ती कशी करी ते मी शेकडो वेळा बघितले होते; डझनावर पैसे, त्यामुळे टाके विरळ, हात भरभर. या सदऱ्याची काजे तशी नव्हती. टाक्याला टाका लागून, मध्ये सुईचे टोकही शिरणार नाही इतकी दाट. दोन्ही टोकांना दुहेरी आडवे टाके. दिवसाचे डझन संपवून, रात्री पंचवीसच्या पिवळ्या दिव्याखाली तिने ती केली असणार, कारण दिवसा तिच्या डोळ्यांवर कारखान्याचा हक्क होता.

हाताला आणि डोळ्यांना भेद कळत असेल काय, असे मी वर विचारले. डोळ्यांना नव्हता. ते दोन्ही कामांत सारखेच झिजले. हाताला मात्र होता, आणि तो त्याने त्या सहा काजांत लिहून ठेवला होता. बेथच्या रुमालावरच्या अक्षरांसारखा. मला तो वाचता आला नाही इतकेच.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा घरात नवे कपडे आलेले असतील. ते जरूर घाला. ज्यांनी ते शिवले त्यांचीही त्यावर दिवाळी झालेली असते. पण एखाद्या दुपारी कपाटाच्या तळाशी हात घालून पाहा. कुणाच्या तरी साड्यांची गोधडी, एखादी कुंची, दुपटे, नाहीतर वेडावाकडा भरलेला रुमाल तिथे नक्की असेल. तो उजेडात न्या आणि टाके मोजा. करणारी अजून असेल, तर तिला भाऊबीजेच्या आत सांगा, की मोजले.